वेढ्यातलं ताट

१२ नोव्हेंबर

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. भावाचं पत्र म्हणून वाचायचं नसेल तर एका गिऱ्हाइकाची तक्रार समजून वाच. तक्रार तुमच्या कंपनीलाच पाठवली असती, पण तिथे खेळाचे खंड तूच लिहितेस आणि गिऱ्हाइकांना उत्तरंही तूच, हे मला ठाऊक आहे. 'काही अपरिहार्य कारणांमुळे चौथा खंड पुढे ढकलण्यात येत आहे.' आपल्या घरात अपरिहार्य हा शब्द एकटी तूच वापरायचीस, तोही भांडी घासायची पाळी आली की.

आधी मार्च म्हणालात, मग ऑगस्ट, मग डिसेंबर. आज आलेल्या सूचनेत नुसतंच 'पुढील वर्षी'. महिन्याचं नाव घ्यायचीही लाज वाटायला लागली वाटतं.

इथली परिस्थिती तुला कळावी म्हणून सांगतो. तिसऱ्या खंडाच्या शेवटच्या पानावर तुम्ही गावाला शत्रूचा वेढा घातलात, दरवाजे बंद केलेत आणि लिहिलंत, कोठारात एका हिवाळ्यापुरतं धान्य आहे, सुटकेची फौज चौथ्या खंडात येईल. बाकीच्या शहाण्या लोकांनी पुस्तक मिटलं आणि दुसरा खेळ काढला. आपल्याला ती सोय नाही, कारण आपल्या टेबलाचा नियम तूच करून ठेवलास: बाहेर एक दिवस गेला की गावातही एक दिवस जातो. आता आमचा वेढ्यातला दुसरा हिवाळा सुरू आहे.

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं बसतो. तू गेल्यापासून खेळवणारा मी, म्हणजे खंड वाचून पुढचं सांगायचं आणि फासे टाकायला लावायचं काम माझं. खेळात बाबांचा एक तलवारबाज, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरणीची, म्हणजे आपल्या दातवालीची, एक चोरटी, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा एक घोडेस्वार, आणि उरलेलं गाव, शत्रू, थंडी, उंदीर हे सगळं माझ्या गळ्यात. मास्तरांचा घोडा आम्ही पहिल्याच हिवाळ्यात खाल्ला, तेव्हापासून ते नुसतेच स्वार आहेत. मधोमध ती काचेची बरणी. धान्य म्हणून तू तिच्यात काड्यापेटीतल्या काड्या भरल्या होत्यास, त्या अजून त्याच आहेत. शनिवार आला की प्रत्येकाच्या वाटच्या आठवडाभराच्या काड्या बाहेर काढायच्या. तू गेलीस तेव्हा बरणी गळ्यापर्यंत होती. आम्ही पोटाला चिमटा काढून इथवर आणलं, पण आता काचेतून पलीकडचा माणूस दिसतो.

मास्तर मला म्हणतात, "अरे, तूच आण ना चार घोडेस्वार. कोण बघायला येतंय?" पण पुस्तकात नाही ते घडलेलं नाही, हाही तुझाच नियम, आणि बाबा त्यावर अडून बसतात. "छापून येऊ दे," म्हणतात. तेव्हा बाईसाहेब, छापा.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

ठोंब्या


६ डिसेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. पण कंपनीच्या नव्या सूचनेतून 'अपरिहार्य' गेलं आणि त्या जागी 'थोडा धीर धरा' आलं. म्हणजे पत्र पोचलं. एवढ्यावर मी खूश होतो, मला कमीत भागवायची सवय लागली आहे.

पण हे दुसरं काय काढलंत? 'वेढ्यातल्या गावाच्या पाककृती'! जाड गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत फोटो. दातवालीने कुठूनसं आणलं आणि शनिवारी मोठ्याने वाचून दाखवलं. 'कोठारवालीचा खास रस्सा, सहा जणांसाठी.' त्या वेळी आम्ही तिथे उंदीर भाजायला लाकूड मिळतं का याचे फासे टाकत होतो. मास्तरांनी पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं. "खंड लिहायला सवड नाही, आणि रस्सा शिजवायला आहे?" मग घरी जाऊन त्यांनी कंपनीच्या चर्चापानावर हातभर लांब तक्रार लिहिली. तिसऱ्या खंडापासून तुम्ही दिलेल्या सगळ्या तारखा एकाखाली एक. खाली शंभरेक लोकांनी आणखी शिव्या घातल्या आहेत. काही तुझं नाव घेऊन आहेत. त्या तू वाचू नकोस. वाचल्या असशीलच, मला माहीत आहे.

बाबांनी ते पुस्तक मागून घेतलं. रश्श्याच्या पानावर गावाचं धान्य सांभाळणाऱ्या त्या कोठारवालीचं चित्र आहे, गुबगुबीत, कमरेला चाव्यांचा जुडगा. बाबा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चाव्या कमरेला नाही, गळ्यात असतात तिच्या. आणि ती खोकते." मग पुस्तक दातवालीला परत देऊन त्यांनी विचारलं, "आज पाळी कोणाची?"

आपल्या आईच्या चाव्या गळ्यात असायच्या हे दातवालीला कुठून माहीत असणार? तिला वाटलं म्हातारा खेळात रंगलाय.

ठोंब्या


१० जानेवारी

ताई,

या वेळी तुझ्यावरून भांडण झालं. तू इतक्या लांब राहून भांडणं लावू शकतेस, हे कौशल्य मानलं पाहिजे.

खेळणारा हजर नसेल तर त्याचं माणूस मरत नाही, ते कुठेतरी झोपलेलं आहे असं धरायचं. हा नियम तू मास्तरांच्या अपघाताच्या वेळी केलास. त्याप्रमाणे तुझं माणूस, ती वाटाडी, कोठारामागच्या खोलीत झोपलेली आहे. तू गेल्याच्या पहिल्या शनिवारपासून बाबा तिच्याही वाटच्या काड्या बरणीतून काढतात. कोठारवाली माझ्याकडे असते, म्हणून मलाच सांगतात, "वाटाडीचं ताट काढून ठेव." मी "काढलं" म्हणतो. बरणी भरलेली होती तोवर कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आता मात्र मास्तर उखडले.

"काका, ती झोपलेली आहे. तिला भूक लागत नाही. इथे आम्ही मरायला टेकलोय आणि तुम्ही रिकाम्या खुर्चीला जेवायला घालताय!"

बाबा म्हणाले, "गैरहजर माणूस मरत नाही असं नियमात आहे. भूक लागत नाही असं कुठे आहे?"

"अहो, पण ती आलीच नाही तर?"

"मी जन्मभर बेकरीत पाव भाजलेत मास्तर. गिऱ्हाईक येईल का ते बघून पीठ मळायला घेतलं नाही."

दातवाली माझ्याकडे बघायला लागली, कारण शेवटचा शब्द खेळवणाऱ्याचा. मी बरणी बाबांकडे सरकवली. काड्या निघाल्या.

खरं तर मलाही बाबांना विचारायचं होतं. तिसरा खंड आला त्या रात्री टेबलाशी आपण तिघंच होतो, तू बरणीत काड्या भरत होतीस आणि मीच तो वाचून दाखवत होतो. कोठारवाली आली, गळ्यातल्या चाव्या आल्या, तो खोकला आला, पीठ चाळताना स्वतःशीच हिशेब पुटपुटणं आलं. बाबा उठून उभे राहिले आणि तुला म्हणाले, "आईला विकलंस." तू त्याच रात्री बॅग भरलीस. त्यानंतर या घरात तुझं नाव काढायची सोय राहिली नाही. आणि आता तोच माणूस दर शनिवारी तुझ्यासाठी भांडतो, फक्त तुझं नाव न घेता. वाटाडी, वाटाडी. मला कधी हसू येतं, कधी दोघांचीही मानगूट धरावीशी वाटते.

आणखी एक. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमची पुढे ढकलल्याची सूचना आली की मास्तर थयथयाट करतात, दातवाली शिव्या देते, आणि बाबा त्या दिवशी दोन घास जास्त खातात. खंड आला की कोठारवालीचं काय झालं ते कळणार ना? तोवर ती आहे. तोवर त्यांना दर शनिवारी तिच्याशी बोलता येतं. बोलतो मी, पण ते माझ्याकडे बघत नाहीत, बरणीकडे बघतात. मी आईचा आवाज काढत नाही, उगाच गैरसमज नको. फक्त तिच्यासारखं थोडक्यात बोलतो.

तू तिकडे का लिहीत नाहीस, हे मला आता थोडंथोडं कळायला लागलंय. चुकत असेन तर तसं कळव. चुकत नसेन तरी कळव.

ठोंब्या


२१ फेब्रुवारी

ताई,

मास्तरांचा स्वार गेला. ताप, आणि अंगात काही उरलेलं नाही. त्यांनी दोनदा फासा टाकला, दोन्ही वेळा वाईट पडला. नवीन माणूस घेऊन यायला बाहेरून रस्ता नाही. "मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. चौथ्या खंडात आहे, एवढंच मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. (त्याचा डावा स्क्रू ढिला आहे, मी कधीपासून म्हणतोय माझ्या दुकानात येऊन जा.) मग म्हणाले, "कंपनीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या ते एक वेळ चालेल. पण ज्या टेबलावर झोपलेलीला ताट आणि जो जागा आहे त्याला उपास, तिथे मी बसणार नाही." त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. ते आता दुसरीकडे खेळतात, अंतराळातलं काहीतरी, दर महिन्याला नवं पुस्तक येतं म्हणे.

जाताना बाबांच्या पाया पडल्यासारखं काहीतरी करून ते हातच मिळवून गेले. दारात मला म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, मी तिचं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही. ते दुसरे." मी बघितलं, खरंच नाही लिहिलेलं.

ठोंब्या


२० मार्च

ताई,

शनिवारी बाबांचा तलवारबाज गेला.

बरणीत एका माणसाचं आठवडाभराचं आणि वर थोड्या काड्या होत्या. दातवालीने आपल्या वाटच्या त्या वरच्या थोड्या घेतल्या आणि म्हणाली, "मी चोर आहे, मी कुठूनतरी मिळवीन." आता बाबा किंवा वाटाडी. बाबा बरणीकडे बघत म्हणाले, "अगं, हिचं काढलंस का?"

इतक्या दिवसांत त्यांनी कोठारवालीला कधी 'अगं' म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "काढते. पण मग तुम्हाला काही उरत नाही."

"मला नको."

"तिच्यातलं थोडं घ्या. ती उठली की मी समजावीन तिला."

"उठली की आधी जेवायला मागेल ती. तुला माहीत नाही का तिचं?"

दातवाली मान खाली घालून बसली होती. मी कोठारवाली सोडून मी झालो आणि म्हणालो, "बाबा, नियमाप्रमाणे ती मरत नाही. तुम्ही मराल." ते म्हणाले, "फासा दे." टाकला. किती पडला ते मला सांगायचं नाही. त्यांनी आपली बाहुली उचलली, तलवारीच्या टोकाचा उडालेला रंग बोटाने चाचपला आणि ती खिशात ठेवली. मग उठून चहाचे कप विसळायला गेले.

तेव्हापासून ते टेबलावर येत नाहीत. स्वयंपाकघरात ओव्हनसमोर स्टूल टाकून बसतात. ओव्हन बंदच असतो. दाढी करत नाहीत. पाव विकतचा येतो आपल्या घरी, ताई, विकतचा, आणि ते तो न बोलता खातात. आई गेल्यावर असेच बसले होते, आठवतं? तेव्हा तू पहिला खंड घेऊन आलीस, त्यांच्या हातात फासे कोंबलेस आणि म्हणालीस, "बाबा, दरवाज्यापलीकडे काहीतरी खरवडतंय, उघडताय का?" आणि त्यांनी उघडला होता. मला तसं जमत नाही. मी चष्म्याचे नंबर काढणारा माणूस, मी छापलेलं वाचून दाखवतो.

मला भीती वाटते. स्पष्टच लिहितो, कारण आडून लिहून झालं.

खंड पाठव. निदान त्यातलं एक पान पाठव. फौज येऊ दे.

ठोंब्या


२४ मे

ताई,

खंड आला.

तू तिथे नाहीस हे आम्हाला त्याच्या मुखपृष्ठावरून कळलं. तीन नवी नावं आहेत, तुझं नाही. सूचनेत होतं म्हणे की काम 'नव्या लेखकमंडळाकडे' सोपवलं. चर्चापानावर लोक नाचतायत, 'शेवटी आला, शेवटी आला'. दातवाली म्हणते, कोठारवालीचं काय करायचं ते तू ठरवत नव्हतीस, म्हणून काढून घेतलं असेल तुझ्याकडून. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. खरंच माहीत नाही. तू कुठे काम करतेस, जेवतेस काय, काहीच माहीत नाही.

दातवालीची चोरटी एप्रिलमध्येच गेली, भिंतीवरून उतरताना बाण लागून. ती वर जाऊन एका बिचाऱ्याची अक्कलदाढ उपटून आली आणि मग म्हणाली, "मी येत राहीन शनिवारी. बघायला तरी."

तर काल आम्ही दोघंच टेबलाशी बसलो आणि मी मुद्दाम मोठ्याने वाचायला घेतलं. स्वयंपाकघरात ऐकू जावं म्हणून. पहिल्याच पानावर फौज येते. रणशिंगं, झेंडे, गावकरी भिंतीवरून टोप्या उडवतायत. कोणते गावकरी? आमच्याकडे टोपी उडवायला कोणी शिल्लक नाही. दातवाली हसायला लागली, मीही हसलो, आणि हसता हसता पुढच्या ओळीवर आलो. थांबायला हवं होतं, पण तोंडातून निघून गेलं. 'कोठारवाली म्हातारी पहिल्याच थंडीत वारली होती. आता कोठार एका हुशार तरुण कारकुनाच्या ताब्यात होतं.'

बस्स. दोन वाक्यं. पुढे कारकुनाचं वर्णन.

बाबा दारात उभे होते. किती वेळ ते मला कळलं नाही. त्यांनी येऊन पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ती ओळ स्वतः वाचली, आणि पुस्तक मिटलं.

"हे आपल्याकडे घडलेलं नाही," ते म्हणाले.

दातवाली हळूच म्हणाली, "काका, छापलंय. तुम्हीच म्हणायचात ना..."

"पहिल्या थंडीत ती होती. दुसऱ्याही थंडीत होती. गेल्या शनिवारपर्यंत माझ्या पोराने तिचं बोलणं बोललंय." त्यांचा आवाज चढला. "हे लिहिणारे कोण? हे बसले होते का तिच्या उशाशी? जी बसली होती तिने नाही लिहिलं असं. तिने तिला जिवंत ठेवली होती."

ताई, त्यांनी 'जी' म्हटलं. वाटाडी नाही म्हटलं.

मग ते खुर्चीत बसले आणि रडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. दातवाली उठून जायला निघाली, तर त्यांनी तिला हाताने खाली बसवलं. आम्ही तिघं तसेच बसलो.

ठोंब्या


३१ मे

ताई,

हे पत्र बाबांनी सांगितलं म्हणून. सांगितलं एकच वाक्य, बाकीचं माझं.

काल शनिवार. बाबा दाढी करून टेबलावर आले. हातात बेकरीतला जुना यीस्टचा डबा. झाकण काढून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. डबा काड्यांनी भरलेला होता, काठोकाठ, दाबून. मला वाटायचं तुझ्या वाटच्या काड्या ते परत पेटीत टाकतात. मी खेळवणारा, मला माझ्याच गावातलं माहीत नव्हतं. मी म्हणायचो, "ताट काढलं," आणि ते खरंच काढून ठेवत होते. एक काडी हललेली नाही. मास्तरांच्या स्वाराला ताप आला तेव्हा नाही, स्वतःचा तलवारबाज गेला तेव्हाही नाही. मला आधी राग आला, फार राग. यात आम्ही सगळे जगलो असतो. मग मी त्यांच्याकडे बघितलं आणि झाकण लावलं.

तर आता गावाची स्थिती अशी. कंपनीची फौज आमच्याकडे आलेली नाही. दरवाजे आतून बंद आहेत. आत कोठारवाली आहे, पुष्कळ खोकते, आणि मागच्या खोलीत तू. बाकी कोणी नाही. पुढे काय होतं ते कोणत्याही पुस्तकात नाही, आणि मला ते रचता येत नाही. बाबा म्हणतात, "नियम करणारीने येऊन सांगावं." एकच वाक्य म्हणालो ना, ते हेच.

मी तुला फसवून बोलावणार नाही. आली नाहीस तर तुझी वाटाडी मरत नाही, हा तुझाच नियम. ती तशीच झोपून राहील, वर्षानुवर्षं. इथे येऊन टेबलाशी बसलीस की मात्र ती आमच्यासारखीच. ताप, बाण, वाईट फासा, सगळं तिलाही. आणि ती उठली की कोठारवालीकडे तिलाच जावं लागेल. ती म्हातारी जगते की जाते हे तुला बाबांसमोर बसून सांगावं लागेल. मी त्या वेळी पाणी आणायला म्हणून उठणार नाही, एवढं कबूल करतो.

भुकेचं मास्तर म्हणत होते तसं असेल, तर तुला घाई नाही. पण बाबांचं खरं असेल, तर झोपेतही भूक तुला लागलेलीच असणार. डबा तुझ्या बाजूला ठेवलाय. झाकण घट्ट बसतं, उघडताना जोर लाव.

ठोंब्या